जुबिलीचे शिंग आणि शेवटचा कर्णा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहात सायंप्रार्थनेनंतर दिलेले व्याख्यान)



गेले कित्येक महिने आपणा सर्वांच्या तोंडी एकच शब्द आहे. जुबिलीचा मंडप, जुबिलीची वर्गणी, जुबिलीची मिस्सा, आणि ज्या पुस्तिकेसाठी माझे हे चार शब्द मागण्यात आले ती पुस्तिकाही जुबिलीचीच. हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, इंग्रजीत तो लॅटिनमधून आला. परंतु त्याचे मूळ घर इब्री भाषा होय. मेंढ्याच्या शिंगास इब्री लोक योबेल म्हणत, आणि जुबिलीच्या वर्षास हे नाव त्या शिंगावरूनच पडले असे बहुतेक पंडितांचे मत आहे. तेव्हा आपण जुबिली साजरी करतो म्हणजे, शब्दाच्या अर्थास धरून बोलायचे तर, शिंग फुंकतो. हे शिंग कोणते, ते कशासाठी फुंकायचे, आणि ज्या शेवटच्या कर्ण्याविषयी संत पौल लिहितो त्याच्याशी ह्या शिंगाचे नाते काय, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात देवाने इस्राएल लोकांस आज्ञा केली की, सात वेळा सात वर्षे मोजावी, आणि त्यानंतर पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, देशभर शिंग फुंकावे. शिंग वाजले की काय व्हावयाचे? ज्याने अडचणीपायी जमीन विकली त्याची जमीन त्याच्या घराण्याकडे परत यावयाची. जो कर्जापायी दुसऱ्याचा चाकर झाला तो मुलाबाळांसह मोकळा व्हावयाचा. प्रत्येकाने आपापल्या वतनावर आणि आपापल्या कुळात परत जावयाचे. मेजवानीची आज्ञा तेथे नाही, शोभायात्रेची नाही. शिंग वाजले म्हणजे जे दूर गेले ते घरी यावयाचे, एवढेच.

हे शिंग मोलाचे नव्हते हेही ध्यानात घ्यावे. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्रीकडील ठेलारी बंधू मेंढरांचे कळप घेऊन रानोमाळ हिंडतात. त्यांच्या कळपातील एखाद्या मेंढ्याच्या डोक्यावर जे वाकडे शिंग असते, तेच ते. गणनेच्या १० व्या अध्यायात मोशेला रुप्याचे दोन कर्णे घडविण्यास सांगितले आहे खरे. त्यांपैकी एकच वाजला तर फक्त सरदारांनी जमावे आणि दोन्ही वाजले तर सर्व मंडळीने निवासमंडपाच्या दाराशी यावे, असा नियम होता. परंतु सीनाय पर्वतावर मेघातून जो नाद उत्तरोत्तर वाढत गेला, आणि यरीहोभोवती सात याजकांनी सात दिवस जी शिंगे फुंकली, ती रुप्याची नव्हती. यहुदी परंपरेत असेही मानीत आले आहेत की हे शिंग अब्राहामास झुडपात अडकलेला जो एडका सापडला त्याची आठवण देते. तो एडका पुत्राच्या जागी मेला आणि पुत्र जिवंत घरी आला. ज्या ख्रिस्ताच्या मरणाने आपण जगतो त्याला देवाचे कोकरू म्हणणाऱ्या आम्हांस ह्यावर अधिक भाष्य नको.

आता मराठी शब्दाकडे वळू. आपल्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत ह्या वाद्यास कोठे शिंग, कोठे रणशिंग, कोठे तुतारी, तर कोठे कर्णा म्हटले आहे. वर्गातील मुलांना कर्णा म्हटले की लग्नाच्या मांडवाबाहेर बांबूला बांधलेला लाउडस्पीकर आठवतो, आणि प्रभू येताना लाउडस्पीकर लावील काय, असे ती विचारतात. हसू येते, परंतु ती अगदीच चुकतात असे मला वाटत नाही. जो आवाज एका माणसाच्या कंठातून सर्वांपर्यंत पोहोचत नाही तो पोहोचविणे, हेच कर्ण्याचे काम. शिवारात पांगलेल्या, एकमेकांस न दिसणाऱ्या माणसांना एकाच क्षणी एकच गोष्ट कळावी ह्यासाठी पूर्वीच्या काळी दुसरे साधन नव्हते. १८२५ साली औट्रम साहेबाने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली. पलटणीचा दिवस बिगुलावर चालतो हे ज्यांच्या घरात कोणी शिपाईगिरी केली आहे त्यांना सांगावयास नको. सैनिकाच्या दफनविधीत बिगुलाचे दोन नाद असतात. पहिला रात्रीचा, पहारा संपला, आता झोप, असे सांगणारा. आणि थोडी स्तब्धता गेल्यावर दुसरा, पहाटे उठविणारा. रीत लष्करी आहे, परंतु ती घालून देणाऱ्यांच्या मनात करिंथकरांस लिहिलेले पत्र असलेच पाहिजे असे मला नेहमी वाटते.

मराठी वाचकास तुतारी म्हटले की केशवसुतांची कविता आठवते. ती १८९३ सालची. पुढे हा कवी आपल्या खानदेशातच, भडगाव आणि फैजपूर येथे, शाळामास्तर होता, आणि १९०५ साली प्लेगने वारला. त्याची तुतारी जिवंत असून निजलेल्यांसाठी आहे. जुने मोडा, पुढे या, असे ती सांगते. तिचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु ती कितीही जोराने वाजली तरी स्वतः कवीच्या कबरीपर्यंत किंवा चितेपर्यंत पोहोचणारी नव्हे. संत पौलाचा कर्णा तेथे पोहोचतो.

हा कर्णा नव्या करारात प्रथम कोणत्या प्रसंगी येतो ते पाहावे, कारण प्रसंगावाचून तो समजत नाही. इसवी सनाच्या ५० च्या सुमारास थेस्सलनीका शहरात नुकतीच एक लहानशी ख्रिस्तमंडळी उभी राहिली होती. प्रभू लवकरच परत येणार, असा त्यांचा दृढ विश्वास होता. इतक्यात त्यांच्यातील काही जण मरण पावले. मागे राहिलेल्यांस घोर पडला : प्रभू येईल तेव्हा आम्ही जिवंत असू, आम्हांस तो दिसेल, पण जे आधीच गेले त्यांचे काय? ते त्या सोहळ्यास मुकले की काय? हा प्रश्न तत्त्वज्ञान्यांचा नव्हे. ज्या घरात एक ताट कमी झाले आहे त्या घराचा हा प्रश्न आहे. संत पौल त्यांस कळवितो की, आज्ञेचा घोष होईल, देवदूताची वाणी व देवाच्या कर्ण्याचा नाद होईल, प्रभू स्वर्गातून उतरेल, आणि ख्रिस्तामध्ये जे मेलेले आहेत ते पहिल्याने उठतील. जिवंत त्यांच्या मागून. क्रम पाहा : जे मुकले असे वाटत होते ते पुढच्या रांगेत उभे आहेत.

आज ह्या मंडपात बसलेल्यांपैकी अनेकांच्या मनात नेमके हेच आले असेल. पन्नास वर्षांपूर्वी हा धर्मग्राम पुणे धर्मप्रांतात होता. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि आपण त्याचे झालो. कोणी गोव्याकडून, कोणी वसईकडून, कोणी नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती खेड्यांतून रेल्वेच्या, शाळेच्या, इस्पितळाच्या नोकरीसाठी तापीच्या खोऱ्यात आले. कोणी येथलेच, साक्री-नवापूरकडील डोंगरांतून उतरलेले, पावरीच्या सुरावर नाचणारे. ज्यांनी पहिल्या मिस्सेला जमिनीवर बसून प्रार्थना केली, ज्यांनी विटा वाहिल्या, ज्या माउल्यांनी पगाराच्या दिवशी पदराच्या गाठीतून दोन रुपये काढून दिले, त्यांपैकी बहुतेक जण आज दफनभूमीत आहेत. आज ते असते तर, असे गेल्या आठवड्यात मला निदान दहा जणांनी म्हटले. थेस्सलनीकाकरांचे म्हणणे तरी वेगळे काय होते? आणि त्यांस जे उत्तर मिळाले त्याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

करिंथकरांनी पुढे दुसरीच शंका काढली : मेलेले उठतील ते कोणत्या शरीराने? पौलाने त्यांस बियाणे दाखविले. आपण तर ज्वारी-बाजरीच्या मुलुखात राहतो. दाणा मातीत जातो तेव्हा हातात असतो तो एवढासा. उगवून येते ते ताट पुरुषभर उंच. दोहोंत काही सारखे दिसत नाही, तरी ज्वारी पेरली तर ज्वारीच येते, बाजरी येत नाही. म्हणजे उठणारा तो तोच असेल, परंतु तसाच नसेल. रावेर-यावलकडील आपले बागाइतदार बंधू म्हणतील, फादर, आमची केळी बियांवर नव्हे, मुनव्यांवर लागते. मुनवा आईच्या बुडाशीच फुटतो. त्यांचे म्हणणे खरे आहे, पण म्हणूनच केळीचा दाखला येथे लागू पडत नाही. मुनवा हे दुसरे झाड होय. आईचे खोड घड काढल्यावर तोडतात, ते परत उठत नाही. मुलाबाळांच्या रूपाने आपण मागे उरतो, हे सांत्वन जगात सर्वत्र मिळते, आणि खोटेही नाही; परंतु ख्रिस्तसभा ज्यास देहाचे पुनरुत्थान म्हणते ते हे नव्हे. आईच उठेल, असे आपण विश्वासांगीकारात दर रविवारी म्हणतो.

येथे कोणी विचारील की, खरोखर पितळेचे वाद्य वाजणार काय? संत थॉमस अक्विनास ह्यांच्या नावे जो मोठा ग्रंथ आहे त्याच्या पुरवणीत हाच प्रश्न घेतला आहे. १२७४ साली ते वारले, त्यानंतर शिष्यांनी त्यांच्याच आधीच्या लेखनातून ही पुरवणी रचली. कर्ण्याचा नाद हे ख्रिस्ताचेच दुसरे नाव आहे, असा तेथील विचाराचा रोख आहे : त्याची वाणी म्हणा, किंवा त्याचे उघडपणे प्रकट होणे म्हणा, मेलेल्यांस उठविते ते तेच. सेमिनरीत हे शिकताना मला ते कोरडे वाटले होते. पुढे संत योहानाच्या शुभवर्तमानाचा ५ वा आणि ११ वा अध्याय एकापुढे एक वाचले म्हणजे ते ओले होते. एके ठिकाणी प्रभू म्हणतो की कबरेतील सर्व जण त्याची वाणी ऐकतील. आणि दुसऱ्या ठिकाणी तो बेथानीस एका कबरेसमोर उभा राहून, डोळ्यांत अश्रू असताना, मोठ्याने एक नाव घेतो, आणि लाजार बाहेर येतो. कर्णा सर्वांसाठी एकच वाजतो. परंतु ऐकणाऱ्यास त्यात आपले नाव ऐकू येईल असे मी मानतो.

मग ह्या कर्ण्याचे भय एवढे का? आपल्यातील वयोवृद्धांस जुन्या लॅटिन मृतमिस्सेतील दीस इरे हे गीत आठवत असेल. तेराव्या शतकापासून चालत आलेल्या त्या गीतात कर्णा थडग्याथडग्यांतून घुमतो आणि सर्वांस न्यायासनापुढे लोटतो. मायकेलअँजेलोने १५३६ ते १५४१ ह्या वर्षांत रोममध्ये सिस्टाइन मंदिराच्या भिंतीवर शेवटचा न्याय रंगविला. त्यात ख्रिस्ताच्या खाली दूत गाल फुगवून कर्णे फुंकीत आहेत, आणि दोन पुस्तके उघडली आहेत. तारण पावलेल्यांचे पुस्तक लहान आहे, दुसरे चांगलेच मोठे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ साली असे ठरविले की अंत्यविधीतून ख्रिस्ती मरणाचे पास्काशी असलेले नाते अधिक स्पष्ट व्हावे. आणि १९६९ च्या नव्या विधीनंतर ते गीत मृतमिस्सेत सक्तीचे राहिले नाही. हे योग्यच झाले असे माझे मत आहे. तरीही जुन्या लोकांचे भय निव्वळ अडाणीपणाचे होते असे मी म्हणणार नाही. न्याय व्हावयाचा आहेच, आणि मत्तयाच्या २५ व्या अध्यायात त्याची प्रश्नपत्रिका आधीच फोडून ठेवली आहे : भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान.

आणि येथे लेवीयाचे शिंग पुन्हा हाती घ्यावे लागते. ज्या जुबिलीत कोणाचे काहीच परत गेले नाही ती कसली जुबिली? ह्या धर्मग्रामात सख्खे भाऊ आहेत की जे एका भिंतीवरून आठ-आठ वर्षे बोलत नाहीत, आणि एकाच वेदीवरून पवित्र ख्रिस्तशरीर घेतात. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन तिला भाऊबिजेला साडी देणारे आहेत. आपल्या चाळीसगावकडून आणि नंदुरबारकडून दर हंगामात उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी जोडपी आहेत; ती उचल फिटता फिटत नाही, आणि त्यांच्यापैकी काहींचे मुकादम आपल्याच लोकांतले आहेत, हे मी नाव न घेता येथे बोलून ठेवतो. २०२५ हे सर्व ख्रिस्तसभेचेही जुबिली वर्ष होते. पोप फ्रान्सिस ह्यांनी त्याचे पवित्र द्वार २०२४ च्या नाताळच्या पूर्वरात्री उघडले, गरीब देशांवरील कर्ज माफ करावे असे श्रीमंत राष्ट्रांस विनविले, आणि त्याच वर्षी पास्काच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, ते प्रभूघरी गेले. राष्ट्रे त्यांचे ऐकतील की नाही हे आपल्या हाती नव्हते. घरातल्या भिंतीचे आपल्या हाती आहे.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती. २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत करोनाच्या साथीने आपली माणसे नेली. कित्येकांस अंत्याभ्यंग मिळाले नाही, मुलांस बापाचे तोंड पाहता आले नाही. काही देह परगावी इस्पितळातूनच नेले गेले, आणि काहींचे दहन झाले. तेव्हापासून दोन-तीन घरांतील बायामाणसे माझ्याकडे येऊन एकच गोष्ट हळू आवाजात विचारतात : फादर, देहच राहिला नाही, मिस्सा झाली नाही, कर्णा वाजेल तेव्हा तो उठेल ना?

त्यांना मी जे घरी सांगितले ते येथे सर्वांदेखत सांगतो. ख्रिस्तसभेने १९६३ पर्यंत दहनास मनाई केली होती, ती ह्यासाठी की पुनरुत्थान खोटे आहे असे दाखविण्याकरिता काही जण मुद्दाम दहन करवीत. त्या वर्षी ही मनाई सैल करण्यात आली. १९८३ च्या धर्मसंहितेत दफनाची मनःपूर्वक शिफारस आहे, कारण प्रभू स्वतः कबरेत ठेवला गेला. परंतु श्रद्धेविरुद्ध हेतूने केलेले नसेल तर दहन निषिद्ध नाही. २०१६ साली रोमहून जो लेख निघाला त्यात रक्षा पवित्र जागी ठेवावी, उधळू नये, घरात वाटून घेऊ नये, असे सांगितले आहे. हे नियम देहाचा मान राखण्यासाठी आहेत. देवास हाडे मोजून हवीत म्हणून नव्हेत. प्रकटीकरणाच्या २० व्या अध्यायात समुद्र आपल्यातील मेलेले परत देतो असे लिहिले आहे; जो समुद्राकडून मागून घेईल तो तापीकडूनही घेईल. १८९९-१९०० च्या दुष्काळात ह्या खानदेशाच्या वाटांवर जे नावागावावाचून पडले त्यांस कोणी कबर खणली होती? त्यांची वतने कोणाच्या दप्तरात आहेत? जुबिलीचे शिंग ज्याचे काही उरले नाही त्याच्यासाठीच फुंकले जात असे. ज्याची जमीन त्याच्याच नावे आहे त्यास त्याची गरज नव्हती. देह हे माणसाचे पहिले वतन. ते साथीने घेतले, आगीने घेतले, मातीने घेतले, तरी कायमचे विकले गेलेले नाही. आणि ज्यांना शेवटची मिस्सा मिळाली नाही त्यांच्यासाठी आजही मिस्सा अर्पिता येते. मृतांसाठी प्रार्थना करण्यास उशीर झाला असे ख्रिस्तसभेने कधी शिकविलेले नाही.

यास्तव एक ठरविले आहे. येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, सायंकाळची मिस्सा दफनभूमीत होईल आणि पन्नास वर्षांत वारलेल्या सर्व धर्मग्रामस्थांची नावे मृत्युनोंदवहीतून वाचली जातील. साथीच्या दोन वर्षांतील काही नावे वहीत नाहीत. ज्यांचे दफन दुसऱ्या गावी झाले, ज्यांचे दहन झाले, जे धर्मगुरूवाचून गेले, त्यांची नावे घरच्यांनी ह्या महिनाअखेरपर्यंत आणून द्यावीत. नाव, वडिलांचे नाव आणि मरणाचा दिवस एवढे पुरे. दिवस नक्की आठवत नसेल तर महिना चालेल. लिहिता येत नसेल त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सांगावे, मी स्वतः लिहून घेईन. वही मोठी आहे, पाने पुष्कळ उरली आहेत.